बाळ पिवळं दिसतंय, पण किती?

नमस्कार मंडळी. बाळ जन्मलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणतंच, अहो हे जरा पिवळं दिसतंय का? पूर्ण दिवसांच्या शंभरातल्या साधारण 60 बाळांना पहिल्या आठवड्यात थोडीफार कावीळ होते, बहुतेकांची आपोआप उतरते. पण नुसतं बघून ती किती आहे ते कळतं का? नाही. पिवळं आहे एवढं कळतं, किती ते कळत नाही.

आता माझी आवडती गोष्ट ऐका. 1956 साल, इंग्लंडमधलं रॉचफर्ड हॉस्पिटल. कमी दिवसांच्या बाळांच्या वॉर्डच्या प्रमुख सिस्टर जीन वॉर्ड, त्यांचं ठाम मत की कोंदट खोलीपेक्षा मोकळी हवा न ऊन बरं, त्यामुळे हवा छान असली की बाळांना सरळ बाहेर न्यायच्या. एकदा राउंडला त्यांनी एक बाळ उघडं करून दाखवलं, तर सगळं अंग फिकट आणि मधेच पिवळाधमक त्रिकोण! डॉक्टरांना वाटलं आयोडिन लावलंय. सिस्टर म्हणाल्या नाही, तिथे चादरीचं टोक आलं असणार, बाकीच्या अंगाचा पिवळेपणा गेला. पुढे तपासायला काढलेल्या रक्ताची एक काचेची नळी उन्हात राहिली, तिच्यातही बिलिरुबिन, म्हणजे कातडी पिवळी करणारा रक्तातला घटक, फारच कमी आलं, मग प्रकाशाने कावीळ उतरते का याचे प्रयोग झाले आणि 1958 ला डॉ. क्रेमर आणि सहकाऱ्यांचा पेपर लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आला. लेखकांत सिस्टरांचं नाव नाही, नेहमीचंच, वॉर्डात दिवसभर बघतं कोण आणि नाव कुणाचं लागतं.

आता बघा, तो त्रिकोण दिसला कारण शेजारीच फिकट कातडी होती. आपल्या बाळाशेजारी असं काही नसतं, त्यात कातडीचा मूळ रंग, खोलीतला दिवा, आणि मोबाईलवरचे फोटो तर पाठवूच नका, त्यात मीसुद्धा तरुण दिसतो. कावीळ चेहऱ्यावरून पायाकडे पसरत जाते हे क्रॅमर (हे वेगळे डॉक्टर, वरचे क्रेमर नव्हेत) यांनी 1969 ला मांडलं, ते ढोबळमानाने खरंय, पण त्यावरून आकडा सांगता येत नाही, एकाच बाळाला दोन डॉक्टर वेगळा आकडा सांगतात. आकडा कळतो तो कातडीला मीटर लावून नाहीतर रक्त तपासून.

पहिल्या 24 तासांत पिवळेपणा दिसला तर थांबू नका, लगेच तपासणी. बाळ सुस्त पडलंय, दूध ओढत नाही, तरी तेच. आणि घरच्या घरी उन्हात ठेवणं हा उपचार नाही बरं का.

आणि काविळीच्या उपचारासाठी हॉस्पिटलात लाईटखाली ठेवलेल्या बाळाचं तर डोळ्यांनी काहीच ठरवू नका, कातडी आधी फिकी पडते, रक्तातलं बिलिरुबिन अजून वर असू शकतं, म्हणून तर आता छान दिसतंय म्हटलं तरी सिस्टर परत रक्त घ्यायला टाच टोचायला येतात.