निकोबार: मदत आली, पण घर कुणाला विचारून बांधलं?

२६ डिसेंबर २००४, रविवारची सकाळ. साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ समुद्राखाली ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला, आणि भेग तिथेच थांबली नाही, ती उत्तरेकडे फाटत निकोबार, अंदमानच्या खालून साधारण १३०० किलोमीटर गेली. निकोबारमध्ये आधी पायाखालची जमीन हलली, उभं राहता येईना इतकी, आणि लोक सावरतायत तोवर समुद्र आत आला.

त्सुनामी म्हटलं की आपल्याला नागपट्टिणम आठवतं, निकोबार फार थोड्यांना आठवतं.

कार निकोबार हे सपाट बेट, चढून जायला डोंगर नाही. मलाक्का गावाजवळ हवाई दलाचा तळ होता, तिथले जवान आणि त्यांच्या घरचे मिळून शंभराहून जास्त माणसं गेली. आणि त्याच तळावरच्या वाचलेल्या लोकांनी हेलिकॉप्टरनं अडकलेल्यांना उचलायला सुरुवात केली, स्वतःची माणसं सापडत नसताना, हे खरंच विसरता कामा नये. धावपट्टीचा काही भाग शाबूत होता म्हणून विमानं उतरू शकली. पण जेटी मोडलेल्या, त्यामुळे जहाज किनाऱ्यापर्यंत आलं तरी सामान उतरवायचं कसं? शिवाय हा आदिवासींसाठी राखीव प्रदेश, १९५६ च्या नियमानुसार बाहेरच्या माणसाला पासशिवाय जाता येत नाही, त्यामुळे मदतीचा बहुतेक भार सैन्य आणि प्रशासनावरच पडला. पाणी, धान्य, औषधं पोचवली, हजारो लोकांना हलवलं. ते काम मोठंच होतं.

गुंता झाला तो नंतर, घरांच्या वेळी.

निकोबारी लोकांचं जुनं घर बघा. लाकडी खांबांवर उभं, गोल, वर गवताचं घुमटासारखं छप्पर, आत शिडीनं चढायचं. खालून वारा खेळतो, जमिनीची ओल वर येत नाही, आणि दुपारी खालच्या सावलीत बसता येतं. आता त्याऐवजी काय आलं तर पत्र्याचे तात्पुरते निवारे, रांगेत, जमिनीलगत, त्या दमट उन्हात दिवसभर तापणारे. काही महिने म्हणून आलेल्या त्या पत्र्याखाली लोकांनी वर्षं काढली. आम्हाला अवजारं द्या, घरं आम्ही बांधतो, असं तिथले लोक सांगत होते. समुद्रानं कोयते, कुऱ्हाडी, होड्या सगळंच नेलं होतं, आणि हातात कसब तर होतंच ना! पण पक्की घरं आली ती मुख्य भूमीवरून आणलेल्या सामानाची, बाहेर ठरलेल्या आराखड्याची.

दुसरी गोष्ट तुहेतची. तुहेत म्हणजे मोठं एकत्र कुटुंब, जमीन, नारळाच्या बागा, डुकरं सगळं तुहेतचं, कुणा एकाचं नाही. नुकसानभरपाईच्या फॉर्मवर मात्र कुटुंब म्हणजे नवरा, बायको, मुलं, आणि पैसा कुटुंबप्रमुखाच्या बँक खात्यात. ज्यांनी कधी वाटणी केली नव्हती त्यांच्यात फॉर्मनं वाटणी करून टाकली, आणि ही वाटणी एकदा झाली की परत जुळवायची कुणी, कशी?

नारळाचंही तसंच आहे. खोबरं हीच मुख्य कमाई, डुकरांचं खाणंही नारळच, आणि बागा नेमक्या किनाऱ्यालगत. शिवाय या भूकंपात दक्षिणेकडची बेटं खचली, ग्रेट निकोबारचं दक्षिण टोक असलेलं इंदिरा पॉइंट चार मीटरहून जास्त खाली गेलं, दीपस्तंभाच्या पायथ्याशी समुद्र आला. म्हणजे बागेची जमीनच पाण्यात. नवीन रोपं लावली तरी नीट फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, आणि मदतीच्या योजना इतकी वाट बघत नाहीत.

ग्रेट निकोबारच्या पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावरच्या निकोबारी लोकांना कॅम्पबेल बेजवळ राजीव नगरसारख्या वस्त्यांत आणलं गेलं. आम्हाला आमच्या जुन्या गावी परत जाऊ द्या, तिथेच बागा लावू, ही मागणी ते तेव्हापासून करतायत. आता तिथे मोठं बंदर, विमानतळ, नवं शहर असा प्रकल्प येतोय. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ट्रायबल कौन्सिलनं, म्हणजे तिथल्या आदिवासींच्या परिषदेनं, त्यासाठी ना-हरकत पत्र दिलं होतं, नोव्हेंबरमध्ये ते मागे घेतलं. कारण त्यांनी लेखी कळवलं: या जमिनीत आमची त्सुनामीआधीची गावंही येतात, हे आम्हाला सांगितलंच नव्हतं.