एक धमनी, एक शीर

प्रत्यारोपणात नवी किडनी जुनीच्या जागी बसवत नाहीत. ती बसते ओटीपोटात, बहुधा उजव्या बाजूला. तिची धमनी पायाकडे जाणाऱ्या इलियाक धमनीला आणि शीर शेजारच्या इलियाक शिरेला केसासारख्या बारीक धाग्याने शिवतात. रक्त अडवणारे चिमटे, म्हणजे क्लॅम्प, सुटले की फिकट किडनी बघता बघता गुलाबी होते.

मूळ किडनीच्या शिरेला आजूबाजूच्या लहान शिरा येऊन मिळतात. एक वाट बुजली तरी रक्ताला थोडी दुसरी सापडते. नव्या किडनीला ती सोय नाही. म्हणून शिरेत गुठळी झाली की हाती फार थोडा वेळ उरतो.

हे घडतं बहुतेक पहिल्या आठवड्यात. तासातासाला भरणारी लघवीची पिशवी एकाएकी थांबते. येते तीही लालसर. किडनीवरचं पोट ताणतं, दुखतं. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, गुठळीने तुंबलाय का, हे सलाइनने धुऊन लगेच पाहावं. पण तेवढ्यावर थांबू नये. क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसली की रक्तात साठणारा पदार्थ) वाढायची वाट तर अजिबात पाहू नये, तो मागाहून वाढतो. डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, तिथेच, खाटेपाशी.

पडद्यावर पाहा. हृदय सैल पडतं तेव्हाही रक्त किडनीत पुढेच सरकत राहायला हवं. इथे आलेख रेषेखाली गेलाय: रक्त उलटं फिरतंय. तीव्र रिजेक्शनमध्येही, म्हणजे शरीर नवी किडनी नाकारतं तेव्हाही, असं दिसू शकतं, म्हणून शीर शोधायची. शिरेत प्रवाहच नसेल तर रुग्ण थेट ऑपरेशन थिएटरमध्ये.

शिरेतल्या गुठळीचं कारण बहुधा मांडणीत असतं. उजव्या किडनीची शीर आखूड, ती ताणली जाते. लांब शीर मुडपते. कधी बाहेर साठलेलं रक्त तिला दाबतं. धमनीची गुठळी याहून फसवी: लघवी बंद, पण दुखणं बहुधा नाहीच.

धमनी अरुंद होणं त्या मानाने बरंच आढळतं, तेही महिन्यांनी. औषधं वाढवूनही रक्तदाब उतरत नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टनने, क्रिएटिनिन चढतो. फुगा किंवा स्टेंट (जाळीची बारीक नळी) घालून ती बहुतेकदा उघडता येते. बायोप्सीच्या, म्हणजे तपासणीसाठी किडनीचा तुकडा घेणाऱ्या, सुईने कधी धमनी-शीर जोडली जाते, तो फिस्टुला बहुतांशी आपोआप मिटतो.

सर्वांत घातक दुर्मीळ प्रकार बुरशीचा. ज्या द्रवात किडनी थंड ठेवली होती, त्यात कँडिडा ही बुरशी असेल तर ती धमनीच्या टाक्यांची जागा पोखरते. तिथे फुगवटा येतो आणि तो फुटला तर मिनिटांत जीव जाऊ शकतो. त्या द्रवात जंतू किंवा बुरशी वाढते का हे सांगणारा कल्चर रिपोर्ट काही दिवसांनी येतो, रुग्ण बरा दिसत असतानाच. तो त्याच दिवशी कुणीतरी वाचलेला असला पाहिजे.