केडगावची बाग

[दृश्य : धावत्या गाडीतून दिसणारी दौंड तालुक्यातली शेतं. केडगाव स्टेशनची पाटी.]

पुण्याहून सोलापूरच्या गाडीत बसलं की दौंडच्या अलीकडे केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंनी इथं सुमारे 100 एकर जमीन घेतली ती फळबागेसाठी. कारण हिशेबाचं होतं. 1889 साली त्यांनी मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. खर्च अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनचा. पण शब्द दहाच वर्षांचा. मुदत संपल्यावर मुलींनी खायचं काय? आत्ता झाडं लावली तर तोवर फळाला येतील, असा बाईंचा विचार.

मला या बागेचं फार अप्रूप आहे. कारभारीपण, म्हणजे देवानं सोपवलेलं नीट सांभाळणं, म्हटलं की आपल्याला चर्चमधली रविवारची अर्पणाची थैली आठवते, दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, आठवतो. इथं एक बाई देणगीचा झरा आटायच्या आधीच विहीर खणायला घेते.

[दृश्य : शारदा सदनाचं जुनं छायाचित्र.]

विश्वासूपणाचा सवाल त्यांना त्याआधीच विचारला गेला होता, आणि तो वगळून पुढं जाणं बरं नाही. सदनात कुणाच्या धर्मात ढवळाढवळ करायची नाही, असं ठरलेलं होतं. ख्रिस्ती झालेल्या रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, काही मुली आत येऊन बसत. दार लावून घ्यायला त्या तयार नव्हत्या. 1893 साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. रानड्यांचं दुखणं खोटं नव्हतं. बाईंनी प्रार्थना चोरून केली नाही, हेही तितकंच खरं.

[दृश्य : कोरडी विहीर. भेगाळलेली जमीन.]

बाग नीट धरायच्या आत 1896-97 चा दुष्काळ आला. रमाबाईंना दुष्काळ ऐकून माहीत नव्हता. ऐन सोळा-सतरा वर्षांच्या असताना आई, वडील आणि थोरली बहीण त्यांनी उपासमारीत गमावली होती. त्या आणि भाऊ श्रीनिवास झाडपाला खाऊन दिवस काढत वाचले. वाचलेला जीव आपल्या मालकीचा नाही, तो देवानं सांभाळायला दिलाय, हे त्यांच्या पुढच्या सगळ्या वागण्यात दिसतं.

त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या. सुमारे 300 मुली आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, शहरात नव्या मुली ठेवता येईनात. मग राहुट्या ठोकल्या त्या केडगावच्या शेतावर. सदनापुरती लावलेली बाग, आणि तिच्या सावलीला ही एवढी पोरं.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, 25 व्या अध्यायातल्या दाखल्यातला तिसरा दास इथं आठवतो. धन्यानं दिलेलं बुडू नये म्हणून जमिनीत पुरून ठेवणारा. तो चोर नव्हता, उधळ्याही नव्हता. भ्याला होता. जे आहे ते आधी घरच्या मुलींना पुरवू, असं रमाबाईंनी म्हटलं असतं तर त्यांना कुणी दोष दिला नसता.

1900 साली गुजरातेत 'छप्पनियो' नावाचा दुष्काळ पडला, तेव्हा तिथूनही मुली आल्या. केडगावच्या या आश्रयस्थानाचं नाव मुक्ती; तिथली माणसं दोन हजारांच्या घरात गेली.

[दृश्य : हातमाग. तेलाचा घाणा. ब्रेलच्या पानावरून फिरणारी बोटं.]

पोटभर अन्न देऊन त्या थांबल्या नाहीत. शेती, विणकाम, घाणा, छापखाना, जिला जे जमेल ते काम. अंध मुलींना लेक मनोरमाबाई ब्रेल शिकवीत.

[दृश्य : छपाईचे खिळे, जवळून.]

रमाबाईंची विद्वत्ता हीसुद्धा ठेवच होती. कलकत्त्याच्या पंडितांनी जिला 'सरस्वती' म्हटलं, ती बाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसली. बायबल अशा मराठीत आणायचं होतं की शेतात राबणाऱ्या बाईला ते ऐकून कळावं. संस्कृत शब्द तोंडपाठ असताना ते बाजूला ठेवणं, यातले कष्ट लिहिणाऱ्यालाच कळतील.

1921 साली मनोरमाबाई गेल्या. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई. भाषांतर तेव्हा हातावेगळं झालं होतं. 1924 साली संपूर्ण बायबल केडगावात छापून झालं. खिळे जुळवणारे हात मुक्तीतल्या बायकांचेच होते.