औषधाच्या फायलीतली खरी प्रत कुठली?

(दृश्य : भिवंडीजवळचं एक गोदाम. पत्र्यावर पावसाचा आवाज. रॅकवर पुठ्ठ्याचे खोके, प्रत्येकावर बारकोड.)

हे गोदाम बघा. बाहेरून वाटेल कापडाचे गठ्ठे असतील नाहीतर ऑनलाइन ऑर्डरचा माल, भिवंडीत दुसरं काय असणार. पण या खोक्यांत कागद आहेत, औषधांच्या चाचण्यांचे, कुणाला किती गोळी दिली, रक्ताचा रिपोर्ट काय आला, कुठल्या डॉक्टरने कुठे सही केली. आणि हे टाकायचे नाहीत. युरोपचा कायदा म्हणतो क्लिनिकल ट्रायलची, म्हणजे माणसांवरच्या चाचणीची, मास्टर फाइल ट्रायल संपल्यापासून किमान २५ वर्षं जपा, म्हणजे ज्या मुलीने आज खोक्यावर लेबल चिकटवलं तिची मुलगी कॉलेजला जाईल तरी खोका इथेच.

मी स्वतः काही वर्षं या कामात काढलीत, डॉक्युमेंट कंट्रोलला. घरी कुणाला नीट कळायचंच नाही मी नक्की काय करते, आजी सगळ्यांना सांगायची ती औषधाच्या कंपनीत फायली लावते, आणि आजीचं बरोबरच होतं म्हणा.

पण या फायलींचं एक आहे. औषधाला परवानगी देणारा अधिकारी पेशंटच्या कॉटशेजारी बसलेला नसतो, लॅबमध्ये उभा नसतो, त्याच्यापर्यंत पोचतो तो फक्त कागद. १९६० च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या एफडीएकडे, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी खात्याकडे, थॅलिडोमाइड या झोपेच्या औषधाचा अर्ज आला, युरोपात ते औषध जोरात खपत होतं, आणि अर्ज तपासायला टेबलावर होत्या डॉक्टर फ्रान्सिस केल्सी, नोकरीला लागून जेमतेम महिना झालेला. त्यांनी कागद वाचले आणि म्हणाल्या, एवढ्याने भागत नाही, अजून पुरावा द्या. कंपनी परत परत तगादा लावायची, बाई परत परत माहिती मागायच्या. मग १९६१ संपता संपता कळलं की या गोळीमुळे युरोपात हातपाय नीट न वाढलेली बाळं जन्माला येतायत, हजारोंनी. १९६२ ला अमेरिकेने कायदा कडक केला, औषध सुरक्षित आहे एवढं पुरे नाही, ते काम करतं हेही दाखवा. दाखवा म्हणजे काय, तर कागद दाखवा.

आणि तिथून कागद जे वाढले ते वाढलेच. एका नव्या औषधाच्या अर्जाचे शेकडो बाइंड केलेले खंड, ते ट्रकमध्ये भरून पाठवायचे. १९९० मध्ये कॅलिफोर्नियात डॉक्युमेंटम नावाची कंपनी निघाली, तिच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक होतं बोइंगच्या ७७७ विमानाची मॅन्युअल्स लावून देणं आणि दुसरं होतं सिंटेक्स या औषध कंपनीचे एफडीएला जाणारे अर्ज जुळवणं. विमान आणि गोळी, दोन्हीत चुकीच्या व्हर्जनचा कागद कुणाच्या हातात पडला की माणूस मरू शकतो, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर आजीला जरा रुबाबात सांगितलं असतं.

(दृश्य : जुना मॉनिटर, फोल्डरच्या आत फोल्डर, त्याच्या आत फोल्डर.)

आता मधली वीस-पंचवीस वर्षं काय झालं ते ऐका. कागद कॉम्प्युटरवर गेले, पण सवयी कागदाच्याच राहिल्या. एक शेअर्ड ड्राइव्ह, त्यात फोल्डर, त्यात प्रोटोकॉल म्हणजे ट्रायल कशी चालवायची त्याचा आराखडा, आणि फाइलचं नाव प्रोटोकॉल_फायनल, मग प्रोटोकॉल_फायनल_२, मग प्रोटोकॉल_फायनल_सरांचे_करेक्शन. हसू नका, तुमच्याही डेस्कटॉपवर आहे.

एकट्या कंपनीत हे खपून जातं. पण औषधाचं संशोधन आता एकटं कुणी करत नाही ना. रेणू शोधला एका युनिव्हर्सिटीने, पैसा लावला स्पॉन्सरने, ट्रायल चालवायला सीआरओ, म्हणजे कंत्राटावर चाचण्या चालवणारी कंपनी, प्रत्यक्ष पेशंट पुण्यातल्या नाहीतर नागपूरच्या हॉस्पिटलात, रक्ताचे नमुने तिसऱ्याच शहरातल्या लॅबला, आकडेमोड चौथीकडे, आणि प्रत्येकाची आपापली सिस्टीम, आपापला लॉगिन. मग मधला पूल कुठला? ईमेल. अटॅचमेंट. ज्या क्षणी तुम्ही फाइल अटॅच करून पाठवता त्या क्षणी तिच्या दोन प्रती होतात आणि पुढच्या आठवड्यात खरी कुठली ते कुणीच छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

माझ्याच समोर घडलेलं सांगते, नावं नकोत. पेशंटचं संमतीपत्र बदललं, एक नवा साइड इफेक्ट टाकायचा होता. इंग्रजीत झालं, मराठी भाषांतर झालं, पेशंटच्या हिताची तपासणी करणाऱ्या एथिक्स कमिटीने मंजूर केलं, मेल गेला. साइटवरच्या, म्हणजे हॉस्पिटलातल्या, कोऑर्डिनेटर ताई त्या आठवड्यात रजेवर, आणि त्यांच्या जागी बसलेल्या मुलाने कपाटातला जुना गठ्ठा वापरला. दोन पेशंटांनी जुन्या मराठी फॉर्मवर सह्या केल्या. त्या मुलाची काय चूक, त्याला कपाटात जे दिसलं ते त्याने दिलं. पण त्या दोघांना नवा साइड इफेक्ट माहीतच नव्हता हे तर खरं ना. परत बोलावलं, परत समजावून सांगितलं, परत सह्या घेतल्या, आणि मग या सगळ्याचा खुलासा करणारा अजून एक कागद.

तर सिस्टीम मॉडर्न करायची म्हणजे स्कॅनर आणून सगळं क्लाउडवर चढवायचं असं बऱ्याच साहेबांना वाटतं. मला विचाराल तर तो सोपा भाग आहे. अवघड काय आहे तर सगळ्या पार्टनरांनी मिळून मान्य करायचं की खरी प्रत एकच, ती इथे आहे, आणि बाकी सगळ्या झेरॉक्स.

आपल्याकडे हे समजायला लंडन-न्यूयॉर्कला जायला नको, तलाठी कार्यालयात जा. सातबारा आठवा. जमीन विकली तर आधीच्या मालकाचं नाव खोडून रबराने पुसत नाहीत, त्याला कंस करतात, बाजूला फेरफार नंबर लिहितात, आणि तो नंबर घेऊन गाव नमुना सहा, म्हणजे फेरफाराची वही, उघडली की कुणी, कधी, कशावरून बदल केला ते सगळं सापडतं. बस्स, यालाच आमच्या धंद्यात ऑडिट ट्रेल म्हणतात. एफडीएचा पार्ट इलेव्हन म्हणून नियम आहे, १९९७ चा, इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड आणि सह्यांसाठी, तो हेच सांगतो की नव्या नोंदीने जुनी नोंद झाकली जाता कामा नये. आणि इलेक्ट्रॉनिक सही केली तर नाव, तारीख-वेळ आणि सही कशासाठी केली, तपासलं म्हणून की मंजूर केलं म्हणून, हे सहीबरोबर दिसलंच पाहिजे. कागदावरही तेच, चूक झाली तर एक आडवी रेघ, बाजूला इनिशियल आणि तारीख. व्हाइटनर ड्रॉवरमध्ये सापडला तरी ऑडिटर भुवया उंचावतो.

(दृश्य : थर्मल कागदावरचा ईसीजी, जवळजवळ कोरा. त्याला टाचलेली झेरॉक्स.)

आता जुनं नव्यात न्यायचं, मायग्रेशन. इथे खरी मजा आहे, म्हणजे आता मजा वाटते.

हा कागद बघा. हा ईसीजी होता. थर्मल पेपर, उन्हाने, उकाड्याने, नुसत्या काळाने उडून जातो. म्हणून हुशार साइटवाले त्याच दिवशी झेरॉक्स काढून त्यावर सही-तारीख टाकून टाचून ठेवतात. ज्यांनी नाही ठेवलं त्यांचा कोरा कागद स्कॅन करून तुम्ही जगातल्या सगळ्यात भारी सिस्टीममध्ये टाकलात तरी तो कोराच.

मग तारखा. ०५/०६/२०१९. आपल्याला वाटतं पाच जून, अमेरिकेतला पार्टनर वाचतो सहा मे. म्हणून महिना अक्षरात लिहा, हे आम्ही इतक्या वेळा सांगितलंय की घरी दूधवाल्याच्या हिशोबातही मी ०५-जून लिहिते. त्यातून फाइली एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर कॉपी केल्या की सेटिंग नीट नसेल तर सगळ्यांची तयार झाल्याची तारीख आजची होते, २००८ चा प्रोटोकॉल म्हणतो मी काल जन्मलो. यासाठी प्रत्येक फाइलचा चेकसम काढतात, बोटांचे ठसेच म्हणा, इकडचा आणि तिकडचा जुळला म्हणजे आतला मजकूर तोच आहे, आणि तारखा वेगळ्या काढून फाइलच्या माहितीत मुद्दाम भरून ठेवायच्या.

आणि सगळ्यात वैताग दिला तो आपल्या मराठीने. जुनी संमतीपत्रं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली, स्क्रीनवर दिसायला छान देवनागरी, पण आत बसलीत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट फाइलमध्ये एम्बेड केलेला नसेल तर नव्या मशीनवर उघडलं की सगळी रांगोळी. केलेला असेल तरी सर्चमध्ये ‘रुग्ण’ टाका, शून्य रिझल्ट. व्हेंडरच्या डेमोमध्ये हे कुणी दाखवत नाही कारण डेमो इंग्रजीत असतो. शेवटी आम्ही प्रत्येक मराठी फॉर्मला हाताने माहिती भरली, कुठली ट्रायल, कुठली साइट, कुठलं व्हर्जन, कुठली भाषा, कमिटीने कधी मंजूर केलं. दोन मुली आणि मी, दिवाळीच्या आधीपासून बसलो होतो, फराळ त्याच टेबलावर. त्यात भारतात काही ट्रायलना, म्हणजे नवा रेणू असेल आणि सहभागी दुर्बल गटातले असतील तर, संमती घेतानाचं व्हिडिओ रेकॉर्डिंगही ठेवावं लागतं, म्हणजे नुसता कागद नाही, व्हिडिओही त्याच फाइलला बांधून ठेवा.

हे असं नाव-गाव लावण्याचं काम कुणालाच आवडत नाही पण सगळा खेळ त्यावरच आहे. २०१० मध्ये या क्षेत्रातल्या लोकांनीच एकत्र बसून टीएमएफ, म्हणजे ट्रायल मास्टर फाइल, हिचं रेफरन्स मॉडेल बनवलं, ट्रायलच्या कुठल्या कागदाला काय म्हणायचं आणि कुठे ठेवायचं याची एक सामाईक यादी, म्हणजे तुमच्याकडे जो ‘डेलिगेशन लॉग’, कुणाला कुठलं काम सोपवलं त्याची यादी, तो माझ्याकडेही ‘डेलिगेशन लॉग’च. सरकारकडे अर्ज जातो त्याचंही तसंच, पाच मॉड्यूल ठरलेले, पहिलं त्या त्या देशाचं, दुसरं सारांश, तिसरं औषधाची क्वालिटी, चौथं प्राण्यांवरचे प्रयोग, पाचवं माणसांवरचे. अमेरिकेत ५ मे २०१७ पासून नव्या औषधांचे आणि जेनेरिकचे अर्ज याच इलेक्ट्रॉनिक पद्धतीने द्यावे लागतात. फाइलचं नाव लहान इंग्रजी अक्षरांत, स्पेस नाही, ६४ अक्षरांच्या आत. सरांचे_करेक्शन तिथेच गचकतं.

परवानग्यांचं मात्र जरा थांबून सांगायला हवं. सगळे एकाच सिस्टीमवर आले की पहिला प्रश्न येतो कुणाला काय दिसणार. कुठल्या पेशंटला खरं औषध आणि कुणाला प्लासिबो म्हणजे औषध नसलेली खोटी गोळी याची यादी असते, ती डॉक्टरांना दिसायला नको आणि स्पॉन्सरच्या टीमलाही नको. एका फोल्डरची परवानगी चुकली, एकाने सहज उघडून बघितलं, की ती डबल ब्लाइंड ट्रायल राहिली नाही, तीन वर्षांच्या कामावर प्रश्नचिन्ह. जुन्या पद्धतीत ती यादी लखोट्यात सील करून कपाटात असायची आणि चावी एकाच्या खिशात, ते गावठी होतं पण खिसा एकच होता.

आणि बाहेरचे चोर वेगळेच. डिसेंबर २०२० मध्ये युरोपात औषधं तपासणाऱ्या युरोपियन मेडिसिन्स एजन्सीवर सायबर हल्ला झाला, फायझर-बायोनटेकच्या कोविड लसीची कागदपत्रं चोरीला गेली. जानेवारीत त्यातली काही इंटरनेटवर आली आणि एजन्सीने सांगितलं की त्यातला काही पत्रव्यवहार टाकण्याआधी बदललेला आहे. म्हणजे नुसती चोरी नाही, चोरलेल्या कागदात बदल करून तो खरा म्हणून फिरवायचा. अशा वेळी मूळ प्रत आणि तिचा ठसा तुमच्याकडे नसेल तर तुम्ही कशाच्या जोरावर सांगणार की हे आमचं नाही?

(दृश्य : पुणे, हडपसरकडचा रस्ता, सकाळची गर्दी.)

पुण्याचं उदाहरण दिल्याशिवाय मला राहवत नाही. आफ्रिकेत मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या मेनिंजायटिस ए ची साथ यायची, त्यावर मेनआफ्रिव्हॅक ही लस झाली, डब्ल्यूएचओ आणि पाथ या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेचा प्रोजेक्ट. पॉलिसॅकराइड, म्हणजे जंतूच्या आवरणातला साखरेचा घटक, अ‍ॅमस्टरडॅमच्या कंपनीकडून, जोडायचं तंत्र अमेरिकेच्या एफडीएच्या लॅबमधून, बनवली पुण्यात सीरमने, चाचण्या भारतात आणि पश्चिम आफ्रिकेत, किंमत डोसला ५० सेंटच्या आत, आणि ६ डिसेंबर २०१० ला बुर्किना फासोत मोहीम सुरू. एका स्वस्त कुपीमागे एवढे देश. तंत्र हस्तांतर म्हणजे लोकांना वाटतं मशीन आणि शास्त्रज्ञ विमानाने येतात, येतातच, पण बरोबर येतात एसओपी, म्हणजे काम कसं करायचं त्याच्या लेखी पद्धती, बॅच रेकॉर्ड, टेस्ट मेथड, आणि त्यातला एक जरी जुन्या व्हर्जनचा निघाला तर बॅच अडकते.

आमची नवी सिस्टीम सुरू व्हायच्या आधी व्हॅलिडेशन झालं, म्हणजे सिस्टीम जे म्हणते तेच करते हे सिद्ध करायचं, प्रत्येक टेस्टचा स्क्रीनशॉट, प्रत्येकावर सही. पेपरलेस होण्यासाठी आम्ही दोन कपाटं भरून कागद तयार केला. यावर हसायचं की रडायचं ते सरांनी आमच्यावर सोडलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी जुना ड्राइव्ह रीड-ओन्ली केला, शनिवार-रविवार शेवटच्या फाइली हलवल्या, ठसे जुळवले, सोमवारी सकाळी नवीन सिस्टीम चालू. साडेदहाला पार्टनरकडच्या एका मॅडमचा मेल आला, प्रोटोकॉलचं लेटेस्ट व्हर्जन पाहिजे. मी मोठ्या अभिमानाने लिंक पाठवली, उघडली की लेटेस्टच दिसणार, जुनं दिसूच शकत नाही, कुणी कधी उघडलं त्याचीही नोंद. पाच मिनिटांत त्यांचा रिप्लाय, थँक्यू सो मच, पण घाईत आहे गं, तेवढी पीडीएफ अटॅच करून पाठवतेस का?

आणि खरं सांगते, मी पाठवली.