वारसनोंद कोणाच्या दप्तरी?

‘वारसा’ वाचून कोणी सातबारा घेऊन आलं असेल तर आधीच माफी मागतो. (हशा) आपला वारसा सी-शार्प या प्रोग्रॅमिंग भाषेतला: एका क्लासचे (डेटाच्या साच्याचे) गुण दुसऱ्या क्लासला मिळतात तो. समोरून आलेला डेटा नेमक्या वारस क्लासमध्ये कसा उतरवायचा, हा आजचा विषय. पण काका, उठू नका, तलाठी येणारच आहे.

गोष्ट माझ्याच हातची. एका ठिकाणी (नाव नको, तिथले दोघे समोर बसलेत) आम्ही सोसायट्यांच्या मेंटेनन्स वसुलीची एपीआय (ब्राउझरशी बोलणारी सर्व्हरची बाजू) लिहिली. ‘पेमेंट’ हा बेस (मूळ) क्लास, त्यात रक्कम नि तारीख. त्यापासून ‘चेकपेमेंट’ आणि ‘यूपीआयपेमेंट’ हे वारस. विनंती स्वीकारणाऱ्या कंट्रोलरची मेथड (फंक्शन) मात्र नुसतं ‘पेमेंट’ घेणारी. डेमो झकास झाला. महिन्याभरात एका खजिनदार आजोबांचा फोन: “पावती आली, पण चेक नंबर कुठाय?” मी म्हटलं, तुम्ही भरला नसेल. आजोबा बँकेतून रिटायर झालेले! त्यांनी स्क्रीनचा फोटोच पाठवला. नंबर भरलेला, शाखेसकट. ब्राउझरमधून निघालेल्या जेसनमध्ये (डेटा पाठवायच्या मजकुरात) नंबर होता, डेटाबेसचा रकाना रिकामा. दोन दिवस मी डेटाबेसवाल्या पोराला छळलं. त्यानं माझ्याबरोबर चहाला यायचं सोडलं.

दोष त्याचा नव्हताच. मेथडनं ‘पेमेंट’ मागितलं, म्हणून जेसन वाचणाऱ्या सिस्टिम टेक्स्ट जेसन या लायब्ररीनं पेमेंटच बनवलं आणि अनोळखी फील्ड गुपचूप टाकून दिली. बेस क्लास मी अ‍ॅबस्ट्रॅक्ट (ज्याचा थेट ऑब्जेक्ट बनत नाही असा) ठेवला असता तर पहिल्याच दिवशी नॉटसपोर्टेडएक्सेप्शन (एरर) अंगावर आलं असतं. आजोबांच्या फोनपेक्षा ते परवडलं.

मग मी हौसेनं कस्टम मॉडेल बाइंडर (आलेल्या डेटापासून ऑब्जेक्ट बनवणारा स्वतःचा कोड) लिहिला. त्याचा प्रोव्हायडर यादीत शून्याव्या, म्हणजे पहिल्या जागी घातला, ब्रेकपॉइंट (कोड थांबवायची खूण) लागला, म्हणजे बाइंडर चालत होता, आणि विनंतीतली मूल्यं काढून देणाऱ्या व्हॅल्यू प्रोव्हायडरला ‘प्रकार काय?’ विचारलं तर हाती शून्य! तो फॉर्म, क्वेरी स्ट्रिंग आणि राउट (वेब पत्त्यातले भाग) बघतो. जेसन बॉडी (विनंतीचा मुख्य मजकूर) त्याच्या हद्दीत येत नाही. ते काम इनपुट फॉर्मॅटरचं. हे कळायला मला अख्खा शनिवार लागला, आणि त्या दिवशी घरी पाहुणे होते...

पाचच मिनिटं उरली? बरं, मग मुख्य विषय पळवतो.

फॉर्मवरून डेटा येत असेल तर कस्टम बाइंडर खुशाल लिहा: प्रकार वाचा, त्या क्लासचा बाइंडर चालवा, आणि व्हॅलिडेशनस्टेटमध्ये (नियम तपासणीच्या नोंदीत) वारस क्लासचा मेटाडेटा (वर्णन) नोंदवा. हे शेवटचं सगळे विसरतात, मग ‘चेक नंबर आवश्यक’ हा नियम तपासलाच जात नाही.

जेसन असेल तर बाइंडरच्या वाटेला जाऊ नका. डॉट नेट (सी-शार्प ज्यावर चालते तो मायक्रोसॉफ्टचा प्लॅटफॉर्म) ७ पासून, म्हणजे २०२२ पासून, बेस क्लासवर जेसनडिराइव्हडटाइप ही चिठ्ठी लिहून वारसांची नावं देता येतात. प्रकाराची खूण (हा कोणता वारस ते सांगणारी) मात्र जेसन ऑब्जेक्टमध्ये सगळ्यात आधी हवी. डॉट नेट ९ मध्ये ही अट सेटिंगनं शिथिल करता येते.

आता तलाठी. न्यूटनसॉफ्ट या जेसनच्या दुसऱ्या लायब्ररीत टाइपनेमहँडलिंग ही सेटिंग चालू केली की समोरचा अख्खं क्लासचं नाव पाठवतो आणि सर्व्हर तो क्लास बनवतो. कोणीही यावं, ‘मीच वारस’ म्हणावं, आणि तलाठ्यानं नाव चढवावं! यातून सर्व्हरवर हवा तो कोड कसा चालवता येतो, हे मुन्योझ आणि मिरोश या सुरक्षा संशोधकांनी २०१७ च्या ब्लॅक हॅट या सुरक्षा परिषदेत दाखवलं. वारसांची यादी आपल्या दप्तरी हवी. समोरच्यानं त्यातलं नाव फक्त सांगायचं.

जुन्या पावत्यांचं काय केलं म्हणता? चेक नंबर आजोबांच्या वहीत होते. मी वाचून दाखवले, डेटाबेसवाल्या पोरानं भरले. चहा मी पाजला.