पेनड्राइव्हवर आणलेला के-थ्री-बी

(माशेल इथे नाट्यमंडळांच्या कार्यकर्त्यांपुढे दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

मंडळी, जत्रेतल्या नाटकांच्या जुन्या कॅसेटी आपण संगणकावर उतरवून घेतल्या. आता त्या डिस्कवर लिहून प्रत्येक जुन्या कलाकाराच्या घरी एकेक प्रत पोचवायची आहे. आपल्याकडचे संगणक जुने, त्यांवर विंडोजऐवजी डेबियन लिनक्स ही प्रणाली. डिस्क लिहिणारं सॉफ्टवेअर त्यावर बसवताना माणूस कुठे अडतो, तेवढंच आज सांगतो.

गेल्या पावसात मी आमच्या देवळाच्या अग्रशाळेतल्या संगणकावर के-थ्री-बी हे डिस्क लिहिणारं सॉफ्टवेअर बसवायला गेलो. तिथे इंटरनेट नाही, मोबाइलला रेंजही नाही. रेंज असती तर मोबाइल केबलने जोडून काम झालं असतं. म्हणून घरून के-थ्री-बीची डेब फाइल, म्हणजे डेबियनसाठी बांधलेलं त्याचं पॅकेज, पेनड्राइव्हवर नेली आणि डीपीकेजी या पॅकेज बसवणाऱ्या साधनाच्या हवाली केली. पडद्यावर हे नाही, ते नाही अशी यादी आली आणि पॅकेज अर्धवट राहिलं. डीपीकेजी हाती दिलेली फाइल उघडतो आणि तिला लागणारी इतर पॅकेजेस आहेत का ते पाहतो. नसलेली आणून देत नाही. ते काम एपीटी या दुसऱ्या साधनाचं, ते इंटरनेटवरून पॅकेजेस आणतं.

ती यादी मी नीट वाचली तेव्हा लक्षात आलं, की के-थ्री-बी स्वतः डिस्क लिहीतच नाही. सीडी वोडिम लिहितो, डीव्हीडी ग्रोआयसोफ्स लिहितो, फाइलींची आयएसओ ९६६० पद्धतीने मांडणी जेनआयसोइमेज करतो, ऑडिओ सीडीला कधी सीडीआरडीएओ लागतो. आपण बटण दाबतो ती फक्त खिडकी. संगीत नाटकात पद म्हणणारा नट दिसतो. ऑर्गन आणि तबला आलाच नसेल तर तो पद उचलणार कसं? जुन्या माहितीत तुम्हाला सीडीरेकॉर्ड हे नाव सापडेल. परवान्याच्या वादातून २००६ साली डेबियनने त्याची वेगळी शाखा काढली, वोडिम त्यातलाच.

दुसऱ्या खेपेला मी घरच्या संगणकावर 'फक्त उतरवून घे' असा हुकूम एपीटीला दिला आणि जमलेल्या सगळ्या फाइली घेऊन गेलो. तरीही तेच. हे कळायला मला वेळ लागला: माझ्या घरच्या संगणकावर केडीई हा डेस्कटॉप आधीपासून होता आणि के-थ्री-बी त्याच्याच लायब्रऱ्यांवर, म्हणजे सामायिक भागांवर, चालतो. त्या तिथे होत्याच, म्हणून एपीटीने त्या पुन्हा उतरवल्या नाहीत. अग्रशाळेतल्या संगणकाला नेमक्या त्याच हव्या होत्या.

तेव्हा यादी ज्या संगणकावर सॉफ्टवेअर बसवायचं आहे, त्याच्याकडूनच घ्यायची. एपीटीच्या एपीटी-गेट या हुकुमाला 'प्रिंट-यूआरआयज' हा पर्याय दिला की तो काहीही न बसवता लागणाऱ्या प्रत्येक फाइलीचा पत्ता छापतो. तो कागद इंटरनेट असलेल्या ठिकाणी न्यायचा, फाइली उतरवायच्या, परत आणायच्या. मात्र त्या संगणकावरची पॅकेजांची सूची फार जुनी असेल तर काही पत्ते मोडलेले निघतात. एपीटी-ऑफलाइन नावाचं साधन ही सूचीसुद्धा ताजी करून आणतं. वारंवार काम पडणार असेल तर तेच आधी बसवून ठेवा.

आणि बसवताना यादी आली की होकाराचं 'वाय' दाबण्याआधी ती वाचा. एक्सएफसीई या दुसऱ्या, हलक्या डेस्कटॉपवर चालणाऱ्या संगणकावर के-थ्री-बी मागितला तर त्याच्यामागून केडीईचा मोठा गोतावळा येतो. तिथे मी एक्सएफबर्न हे डिस्क लिहिणारं दुसरं सॉफ्टवेअर बसवतो. तो लिबबर्न आणि लिबआयसोएफएस या दोन लायब्रऱ्यांवर चालतो, डीव्हीडीवर फाइली ठेवायला तेवढं पुरतं. पण पदांची ऑडिओ सीडी करायची तर मला के-थ्री-बीच आवडतो. तिथे एक गोष्ट सांभाळा. एमपीथ्री उलगडणारा भाग 'एक्स्ट्राकोडेक्स' नावाच्या वेगळ्या पॅकेजमध्ये असतो. एमपीथ्रीवर पेटंटं होती, त्या काळातली ही विभागणी. पेटंटं २०१७ पर्यंत संपली, विभागणी राहिली. ते पॅकेज नसेल तर के-थ्री-बी तुमचं ध्वनिमुद्रण घेतच नाही आणि माणसाला वाटतं फाइल बिघडली. फाइल पुसू नका. आधी पॅकेज बघा.

सगळं बसलं आणि तरी ड्राइव्हला हात लावता येत नसेल, तर वापरणाऱ्याचं खातं संगणकाच्या सीडीरॉम या गटात आहे का ते पाहा. गटात घातल्यावर एकदा लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करावं लागतं.

डिस्क लिहिताना 'लिहिलेला डेटा पडताळा' या चौकटीत खूण करायला विसरू नका. वेळ बराच वाढतो, वाढू दे. आपल्या दमट हवेत त्या टेपांवर बुरशी चढली आहे, आणि त्यांतल्या काही मला एकदाच वाजवता आल्या.