दाजींचा ज्वालामुखी आणि मसाईचं पाणी

श्रोतेहो, नमस्कार. सुट्टी आली की आपल्याला महाबळेश्वर आठवतं, गोवा आठवतो. पण आपण राहतो तो मुलूखच लाव्ह्याचा आहे. पन्हाळा, जोतिबाचा डोंगर, गगनबावड्याचे कडे, सगळा लाव्हा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यातनं तो उतू आला आणि थरावर थर बसत गेला. लक्षात घ्या, भेगा. शंकूसारखा डोंगर नव्हे.

हे मी आमच्या दाजींना एसटीत बसल्यापासून सांगत होतो. दाजी मुंबईचे. त्यांनी टीव्हीवर जपानचा कुठला तरी ज्वालामुखीचा डोंगर बघितलेला, त्यामुळे 'तोंड दाखवा' हा एकच हट्ट. पन्हाळ्यावर झुणका-भाकरी खाऊन आम्ही मसाई पठारावर निघालो. (झुणक्याबरोबर हल्ली सॉस देतात. का देतात, देव जाणे.) भाद्रपदातलं ऊन-पावसाचं पठार, धुकं असं की पुढचा माणूस दिसेना. प्रत्येक खड्ड्यापाशी दाजी थांबायचे. "हेच का ते?"

तेवढ्यात शेळ्या आल्या, मागनं घोंगडं पांघरलेले धनगरमामा. दाजींनी थेट विचारलं, "मामा, इथं ज्वालामुखीचं तोंड कुठं आहे?"

"कुणाचं तोंड?"

"ज्यातनं आग निघाली ते."

मामांनी दाजींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आग न्हाई बगा हितं. पाणी पायजे तर दावतो."

मामा पुढं, शेळ्या मागं, शेळ्यांच्या मागं दाजी, असे आम्ही कड्याच्या खाली उतरलो. वर तांबडा, भोकाभोकांचा जांभा. तो संपतो तिथं वीतभर पिवळट चिकणमाती, आणि तिच्यावरनं थेंब थेंब पाणी. कुणीतरी पान दुमडून फटीत खोचलेलं, त्यावरनं बारीक धार पडत होती. "जांभा सपला की पाणी," मामा म्हणाले. "माझ्या आज्यानं दावलेलं." दाजींनी बाटली लावली. ती भरेस्तोवर दोन शेळ्यांनी त्यांच्या पिशवीतला अख्खा चिवडा संपवला, कागदासकट!

मामांचं म्हणणं शंभर टक्के खरं. ऊन-पावसानं कुजून वरच्या काळ्या दगडाचाच, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचाच, जांभा झालेला. तो पाणी पितो, खालची माती ते अडवते, मग कड्याला झरा फुटतो. जांभा संपला की पाणी, एवढं ध्यानात ठेवा.

दुसरं, डोंगराच्या पायऱ्या बघा. घट्ट थराचा कडा होतो, भुसभुशीत थराचा उतार. कडा, उतार, पुन्हा कडा. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना खिडकीतनंही हे दिसतं.

पठारावर जायचं तर पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरात. सीतेची आसवं, सोनकी ही रानफुलं तेव्हा फुललेली असतात. मळलेल्या वाटेनंच चाला. गाडी पठारावर घालू नका, चाकोरीत पुढं फुलं येत नाहीत. आणि तो गाण्यांचा डबा घरीच ठेवा. डोंगरावर जाऊन लग्नाच्या वरातीची गाणी ऐकणाऱ्यांनी वरातीलाच जावं, असं माझं स्पष्ट मत आहे. राधानगरीच्या जंगलात गवा बघायला जाणाऱ्यांनाही हेच सांगणं. तिथं पावसाळ्यात प्रवेश बंद असतो, तेव्हा निघण्याआधी वनखात्याकडं चौकशी करा. नमस्कार.